घर कोण बघणार?

गाळपेरीचं रान, गंगापूर तालुका
२ फेब्रुवारी

तनू बाळ,

आत्याचा आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून लिहिते. बरी नसलीस तरी तू सांगणार नाहीस, तेव्हा विचारण्यात वेळ घालवत नाय.

फोन करू नको. माझा उजवा कान आता नावाला उरलाय. फोन मोठ्या आवाजात लावला की शेजारची कडूबाई भिंतीपल्याडून उत्तर देती. चिठ्ठी गंगापूरच्या जीपवाल्याकडं दिलीय, सोबत काकडीसारखी कोवळी वाळकं अन् हरभऱ्याचे डहाळे आहेत. जीप तिकडं बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात थांबती, तिथं जाऊन उतरून घे अन् उत्तर त्याच्याच हाती दे. चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं. फक्त अक्षर मोठं काढ.

धरणाचं पाणी उतरलं. पाणी मागं सरकलं तसा गाळ उघडा पडला, अन् आम्ही त्याच्या मागनं मागनं पेरत गेलो. लहानपणी इथंच तुझा पाय रुतला होता अन् तू भोकाड पसरलं होतंस. या खेपेला टरबूज अन् वाळूक लावलंय. हे रान कुणाच्या बापजाद्याचं नाय. पावसाळ्यात पाण्याचं, उन्हाळ्यात ज्याच्या अंगात दम त्याचं. मला तेच आवडतं. सकाळी धुकं पडलं की पाणी कुठं संपतं अन् आभाळ कुठून लागतं ते कळत नाय. लांब पायांचे गुलाबी पक्षी आलेत पाहुणे. अर्ध्या झोपेतून बघितलं की वाटतं, पाण्यावर कुणीतरी लुगडी वाळत घातलीत.

काल दुपारी खोपीत डोळा लागला अन् नको ते स्वप्न पडलं. मी पाण्याखालून चालले होते. आमचं बुडालेलं जुनं गाव तिथं खाली तसंच होतं. चुली पेटलेल्या, पाण्यात सुद्धा. धूर वर जायच्या ऐवजी मासोळीसारखा आडवा पोहत होता. अन् एकाही चुलीपुढं बाई नव्हती. मी ओरडले, "अगं बायांनो, गेल्या कुठं?" तर तोंडातून नुसते बुडबुडे. उठले तर वेलावर कावळे. कामाच्या बाईला स्वप्न म्हंजे फुकटचा तोटा.

आता मुद्द्याचं. नाना परवा आला होता. तुझा बाप असला तरी भाऊ आहे माझा, त्याचं तोंड बघून मला कळतं. म्हणतो, ऋतुराजचं नाव काढलं की तनी गप्प होती. अगं, पोरगं तूच पसंत केलंस ना? कॉलेजातलं, गंगापूरचं, आपल्यातलं. नानानं सुद्धा मान हलवली. मग घोडं अडलं कुठं? सरळ लिही. गोल गोल लिहिलंस तर चिठ्ठी चुलीत घालीन.

तुझी आत्या,
लक्ष्मीबाई

---

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वाळकं पोचली. अश्लेषानं, म्हणजे माझ्या रूममेटनं, निम्मी उभ्या उभ्या मीठ लावून खाल्ली. डहाळे आम्ही गॅसवर भाजले आणि घरमालकीण वास घेत जिना चढून वर आली.

तुझं स्वप्न मी बसमध्ये वाचलं. कंपनीची बस चिकलठाण्यातून निघते तेव्हा अंधारून आलेलं असतं. एखादं विमान इतकं खाली येतं, की वाटतं बसच्याच टपावर टेकणार. मग मी खिडकीला डोकं लावते आणि गारखेडा येईपर्यंत ना झोपेत असते ना जागी. दिवसभर लाईनवर माझ्या हाताखाली सगळे पुरुष. "मॅडम, हा पार्ट बघा, मॅडम, सही करा." आणि बसमध्ये मी कुणीच नसते. तो माझा सगळ्यात आवडता वेळ आहे.

तू म्हणशील, एवढी शिकलेली पोर, हिला कसली अडचण? आत्या, आमच्या वयाच्या मुलींचं डोकं म्हणजे आठवडी बाजार आहे. अश्लेषा म्हणते, "मी काही स्त्रीवादी वगैरे नाही हं," आणि लगेच पुढं म्हणते, "पण लग्नानंतर पगार माझ्याच खात्यात राहणार." कंपनीतल्या एकीला नवऱ्यानं राणीसारखं ठेवायला हवंय, आणि राणीला राज्यही करायचंय. सकाळी मोबाईलवर एक मत आवडतं, संध्याकाळी त्याच्या उलटं. त्यातल्या त्यात मी ठाम समजली जाते. कुणाशी वाद घालायचा असला की मला पुढं करतात.

ऋतुराजचं म्हणशील तर अडलंय ते एकाच प्रश्नावर. घर कोण बघणार? त्यानं त्याचं म्हणणं स्वच्छ सांगितलं. त्याची आई गेल्यापासून वडील अंथरुणाला खिळलेत, अर्धं अंग गेलंय. घरात सतत माणूस लागतं. नोकरी एकानंच करायची, दुसऱ्यानं घर सांभाळायचं, यावर तो ठाम आहे. ऐकून मी जी गप्प झाले ती अजून गप्पच आहे.

यापुढचं मला लिहवत नाही. नानांना काही सांगू नकोस.

तुझी,
तनुजा

---

गाळपेरीचं रान
२३ फेब्रुवारी

तनू,

नानाला काही सांगितलं नाय. ज्याला सांगायचं त्यालाच सांगून आले.

तुझी चिठ्ठी वाचली अन् डोक्यात तिडीक गेली. दोन रात्री अंगावर पांघरूण राहिलं नाय. म्हटलं, पोरीला नानानं ऊस विकून शिकवलं ते याच्या बापाची गादी झटकायला? बाजाराच्या दिवशी टरबुजं घेऊन गंगापूरला गेले, माल तसाच पोत्यावर टाकला, अन् विचारत विचारत त्याचं घर गाठलं.

पोरगं बाहेर आलं. दिसायला बरं आहे. हाताला पीठ होतं. मी मनात म्हटलं, बघा, आई नाय म्हणून चार दिवस भाकरी थापायची पाळी आली तर लगेच बायको पाहिजे! अंगणातूनच सुरू झाले. म्हटलं, "मी तनुजाची आत्या. तुला बायको पाहिजे का मोलकरीण? आमची पोर चाळीस गड्यांना कामाला लावती, ती तुझ्या घरात पोतेरं फिरवणार व्हय? आजकालच्या पोरी शिकल्यात, त्यांना नोकरी सोडा म्हणायची तुझी हिंमत कशी झाली?" आजूबाजूचे गोळा झाले. मला काय, मी थांबले नाय.

तो खाली मान घालून ऐकत होता. एक शब्द उलटा नाय. माझं झालं तेव्हा म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, आत्या. तिनं नोकरी बिलकूल सोडू नये. या, पाणी घ्या." अन् पाण्याबरोबर ताटच आणलं. भाकरी अन् मेथीची पातळ भाजी. एवढं बोलल्यावर भूक लागतीच, मी जेवले. आतून त्याचा बाप काहीतरी पुटपुटला तसा हा हात धुऊन पळत आत गेला.

तर सांगायचं म्हंजे पोरगं भित्रं आहे पण समजदार आहे. एका झापडीत सरळ झालं. आता तू खुशाल हो म्हण.

तू लिहिलंस ते स्त्रीवाद काय ते मला समजलं नाय. मला वादच घालायचा असतो तेव्हा मी घालते, त्याला नाव कशाला पाहिजे? पण तुमचं बाजाराचं बोलणं डोक्यात राहिलं. दुपारी स्वप्न पडलं की ते गुलाबी पक्षी पंगतीला बसलेत अन् मी वाढतेय. वाढता वाढता बघते तर मीच पंगतीत, लांब मान करून. वाढणारं कोण होतं ते दिसलंच नाय, धुक्यात नुसते हात. लई छान वाटलं. उठून स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

तुझी आत्या

---

गारखेडा
१० मार्च

आत्या,

तू काय करून आलीस! चिठ्ठी वाचून मी पेट्रोल पंपापाशीच फूटपाथवर बसले. जीपवाला विचारत होता, "ताई, घरी कुणाचं काही बरंवाईट?"

आता सरळ लिहिते. तू समजलीस त्याच्या बरोबर उलटं आहे. नोकरी मी करायची. घर तो बघणार.

तो वाळूजला कंपनीत होता. आई गेल्यावर त्यानं नोकरी सोडली. वडिलांना उठवणं, आंघोळ, औषध, स्वयंपाक, सगळं तोच करतो. कॉलेजात असताना त्याची-माझी ओळख झाली तेव्हापासून तो असाच आहे, हातात असेल ते काम नीट करणारा. म्हणाला, "तनुजा, दोघांनी नोकरी केली तर बाबा दिवसभर भिंतीकडं बघत पडतील. तुझी नोकरी माझ्यापेक्षा चांगली आहे, तुला ती आवडते. मला घर जमतं. फक्त ते लपवायचं नाही, एवढीच माझी अट." नानांना अजून वाटतंय की तो वाळूजलाच आहे, रजेवर.

आणि आत्या, मी गप्प झाले ती यासाठी. मला लाज वाटली. मलाच! बाईनं कमवावं, पुरुषानंही भांडी घासावीत, असं मी सगळीकडं बोलते. पण बोलताना माझ्या मनातला पुरुष कमावून दमून येतो आणि मग भांडी घासतो. कमावत नाही आणि भांडी घासतो, असा पुरुष मी कधी बघितलाच नव्हता, स्वप्नातसुद्धा नाही.

परवा महिला दिन झाला. कंपनीनं सगळ्याजणींना गुलाब दिले आणि मला भाषण करायला लावलं. विषय समानता. मी इतकं छान बोलले की साहेब लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. खाली उतरले, तर पर्सोनेलच्या मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, "लग्न ठरतंय म्हणे? काय करतो मुलगा?" हातात गुलाब होता. मी म्हणाले, "सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्याला."

तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. त्याचा एक मित्र आमच्याच कंपनीत आहे, तो तिथंच उभा होता. त्या दिवसापासून ऋतुराजचा फोन नाही. मी करते तर दोन शब्द बोलतो, "बाबांना भरवतोय," आणि ठेवतो.

तू त्याला अंगणात एवढं बोललीस, तरी त्यानं तुला नाही सांगितलं की हे सगळं उलटं आहे. त्याला माझं नाव खाली जाऊ द्यायचं नव्हतं. आणि मी काय केलं बघ.

तनुजा

---

गाळपेरीचं रान
१७ मार्च

तनुजा,

होळी झाली. पोळी घशाखाली उतरली नाय.

आधी माझं. मी त्या पोराच्या हातची भाकरी खाऊन त्यालाच भित्रा म्हणून आले. पुढच्या बाजारी गेले अन् सांगितलं, "बाबा, माझा एक कान गेलाय, डोकं पण अर्धंच चालतं." हसला. म्हणाला, "आत्या, तुम्ही चांगलं भांडलात. माझी बहीण असती तर तिलाही अशीच आत्या पाहिजे होती." तुझ्याबद्दल मी विचारलं तर बापाची नखं काढत बसला.

आता तुझं. लाज वाटली म्हणतीस. कसली लाज गं? चोरी केली त्यानं? दारू पितो? तुझ्या त्या भाषणात चूल नव्हती व्हय कुठं? टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी दुपारी भाकऱ्या काय आभाळातून पडल्या?

कमावत नाही अन् भाकरी करतो असा पुरुष बघितला नाय म्हणतीस, तर ऐक. जन्मात कुणाला सांगितलं नाय ते सांगते. तू असा पुरुष बघितलाय. त्याच्या हातचं खाऊन मोठी झालीस. माझ्या घरी येऊन "आत्या, तुझी भाकरी" म्हणत चार चार खायचीस ना? ती तुझ्या मामांची. माझ्या नवऱ्याची.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. माझी भाकरी करपायची, त्यांची टम्म फुगायची. अन् त्यांना गाळात उतरायचं म्हंजे जिवावर यायचं, मला गाळ म्हंजे माहेर. मग मी रानात अन् ते चुलीपाशी. ठरवून नाय झालं, पाणी उताराला लागतं तसं झालं. भाकरी करताना आतून कडी. कुणी हाक मारली की मी चुलीपुढं फतकल घालायची अन् ते दारात जाऊन तंबाखू मळत उभे राहायचे. गावात माझ्या भाकरीची तारीफ आहे. लग्नकार्यात बाया बोलवायला आल्या की माझं मनगट दुखतं.

मामा चांगला माणूस आहे. त्यांची मला कधी लाज वाटली नाय. हे लिहिलंय ते तुझ्याजवळ ठेव. गावात बोलू नको.

अन् त्या पोराला जाऊन तोंडानं सांग, काय बोललीस ते. फोनवर नाय.

तुझी आत्या

---

गारखेडा
२९ मार्च

आत्या,

मामांच्या भाकरीचं वाचून मी आधी हसले, मग बराच वेळ खिडकीत बसून राहिले. डोळ्यांसमोर सारखं येत होतं, सुट्टीत तुमच्याकडं पहाटे अर्धवट जाग यायची, बंद दाराआडून थापण्याचा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर मी पुन्हा झोपायचे. इतक्या गाढ झोपेला कारण कोण होतं ते आत्ता कळलं.

रविवारी गंगापूरला गेले. ऋतुराजला सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता, थांबला नाही.

म्हणाला, "माहीत आहे. कसा आहे तो पुण्याचा इंजिनिअर? उंच आहे?"

मी म्हटलं, "ऋतू, असं नको."

"नाही, चांगलं स्थळ आहे. तू त्याच्याशीच कर लग्न. मी तुमच्या वरातीला स्वयंपाक करून देतो. जिलबी सोडून सगळं येतं मला."

मी रडले नाही. रडणं सोपं पडलं असतं. मी वडिलांचा एक सदरा पिळून दोरीवर टाकला, तो त्यानं पुन्हा झटकून नीट टाकला. मग म्हणाला, "तनुजा, तुला माफ करायला मला काही लागत नाही. पण माझी बायको मला आयुष्यभर पुण्याला पाठवणार असेल, तर मला नाही जमणार. नाना बैठकीचं म्हणतायत. बैठकीत विचारतीलच, मुलगा काय करतो. तेव्हा तू काय म्हणतेस ते ऐकून मी हो किंवा नाही सांगेन. मी स्वतः तोंड उघडणार नाही."

बैठक एकोणीस एप्रिलला, त्यांच्याच घरी, कारण त्याच्या वडिलांना हलवता येत नाही.

आत्या, एक विचारू? तू मला कसली लाज म्हणून झापलंस. मामांची लाज कधी वाटली नाही म्हणतेस. मग कडी का लावतेस?

तनुजा

---

गाळपेरीचं रान
७ एप्रिल

तनू,

तुझी चिठ्ठी चुलीत घालणार होते. लई राग आला. शिकलेल्या पोरी अशा असतात, पदराला गाठ मारल्यासारखा एक प्रश्न मारून निघून जातात.

राग गेला तेव्हा उठून कडी काढली. सकाळची वेळ, मामा भाकरी थापत होते. त्यांना विचारलं नाय. दार सताड उघडलं अन् उंबऱ्यात बसले.

कडूबाई विरजण मागायला आली. भांडं हातातच राहिलं. "अगं बया! भाऊजी चुलीपुढं?" मी म्हटलं, "रोजच असतात." तिनं माझ्याकडं बघितलं, तव्याकडं बघितलं, अन् म्हणाली, "लक्ष्मीबाई, तुमचं मनगट बरंय का आता?" अशी आहे ती.

पण मामा चिडले. संध्याकाळी रानात आले, कधी येत नाय ते. बांधावर उभे राहून म्हणाले, "मला न विचारता माझी इज्जत वाटायला काढलीस?" मी म्हटलं, "तुमची इज्जत राहावी म्हणून तर इतकी वर्षं कडी लावली." तर म्हणाले, "माझी? येडे, मी तुझ्यासाठी लावू देत होतो. लोक म्हणाले असते, ही कसली बाई, हिला भाकरी येत नाय."

मग आम्ही दोघं गाळातच बसलो. पाणी अगदी निवांत होतं. उजेड जाता जात नव्हता. त्यांनी एक वाळूक तोडून मला अर्धं दिलं. दोघांनी एकमेकांसाठी कडी लावली, अन् कडी तर दोघांपैकी कुणालाच नको होती.

दुसऱ्या दिवशी दार त्यांनीच उघडं ठेवलं. पारावरचे टवाळ म्हणाले, "पुंडलिकराव, दोन भाकरी आम्हाला पण बांधा." मामा म्हणाले, "पीठ घेऊन या." आता कडूबाई सुनेला पाठवती शिकायला. ते तिला पण ओरडतात, पीठ कमी मळलं म्हणून.

त्या दुपारी स्वप्न पडलं नाय. नुसती झोप लागली, पाण्यावर पाठ टेकल्यासारखी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. आता तुझी पाळी.

तुझी आत्या

---

गारखेडा
१३ एप्रिल

आत्या,

वाचलं. अश्लेषाला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला असे मामा हवेत," आणि मग जरा थांबून, "नवरा म्हणून चालतील का ते मात्र विचार करून सांगते." निदान खरं बोलली.

बैठकीला तू येच. पण हात जोडते, तू बोलू नकोस. तू बोललीस तर सगळं ठीक होईल, आणि मग मी बोलायची राहूनच जाईन.

तनुजा

---

गाळपेरीचं रान
२१ एप्रिल

तनू,

हे काय वागणं झालं? बैठक आटोपली, नाना मला जीपमध्ये बसवून मोकळा झाला, अन् तू ऋतुराजच्या बापाच्या, साहेबरावांच्या खाटेपाशी. बोलायला मिळालं नाय.

मला बायांबरोबर आतल्या खोलीत बसवलं होतं. तुला शब्द दिला होता म्हणून तोंडात सुपारी धरून बसले. एकदा बाहेर सगळं गप्प झालं तेव्हा उठलेच होते, पण सुपारी दाढेखाली घट्ट दाबली अन् पुन्हा टेकले. इतकं अवघड काम मी जन्मात केलं नाय. चांगला कान दाराकडं केला तर मधेच तुझी आई रडायला लागली, त्यात काही ऐकू आलं नाय. नानाला विचारलं तर म्हणतो, "झालं जे व्हायचं ते." भावकीतले सुदर्शनकाका म्हणतात, "काळ बदलला." ही काय सांगायची तऱ्हा?

मला शब्द न् शब्द पाहिजे. कोण काय म्हणालं, कोण कुठं बसलं होतं, सगळं. लगेच लिही.

आत्या

---

गारखेडा
२४ एप्रिल

आत्या,

घे, शब्द न् शब्द.

बाहेरच्या खोलीत भिंतीकडेला साहेबरावांची खाट, त्यांना उशा लावून बसवलेलं. नवी टोपी घातली होती. समोर सतरंजीवर नाना, सुदर्शनकाका आणि बाकीची मंडळी. मुलीनं बैठकीत बसायचं नसतं म्हणून मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. पंखा फिरत होता आणि मला सगळं लांबून दिसल्यासारखं वाटत होतं, बसच्या खिडकीतून वाटतं तसं. एक विमान गेलं असतं तरी नवल वाटलं नसतं.

ऋतुराजनं पोह्यांचा ट्रे आणला. काका म्हणाले, "अरे, घरात बाईमाणूस नाही का कुणी?" मग काकांनी बशी हातात घेतली आणि विचारलं, "बरं, पोराचं काय चालू आहे?"

नाना म्हणाले, "वाळूजला आहे ना, कंपनीत."

ऋतुराज ट्रे घेऊन तसाच वाकलेला. त्यानं नानांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

मी महिला दिनाचं भाषण आठवून बघितलं, आत्या. त्यातलं एकही वाक्य कामाचं निघेना. मी म्हणाले, "वाळूजची नोकरी त्यानं कधीच सोडली. तो घरी असतो. वडिलांना सांभाळतो, घर सांभाळतो. लग्नानंतरही तेच करणार. नोकरी मी करणार."

तू ऐकलीस ती शांतता ही. काकांची बशी अर्ध्यावर थांबली. "म्हंजे घरीच बसून?"

"बसायला त्याला वेळ नसतो, काका. पण हो, घरीच."

"नाना, तुला ठाऊक होतं हे?"

नाना सतरंजीकडं बघत होते. मला वाटलं, आता उठतील. पण ते म्हणाले, "नव्हतं." मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, "पोरी, मी लोकांना काय सांगू, जावई काय करतो म्हणून?"

मी म्हटलं, "नाना, करतो ते सांगा. मी एकदा खोटं सांगून बघितलं. त्यानं फार त्रास होतो."

आतून आईचं रडणं आलं ते याच वेळी.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. साहेबराव काहीतरी म्हणत होते, तोंडाची एकच बाजू हलत होती. सगळे त्यांच्याकडं वळले. ऋतुराजनं ट्रे खाली ठेवला, त्यांच्या तोंडापाशी कान नेला, ऐकलं. काका म्हणाले, "काय म्हणतात?"

ऋतुराज सरळ झाला. म्हणाला, "बाबा विचारतायत, सूनबाई ड्यूटीवरून घरी कितीला येणार?"

मी म्हटलं, "गंगापूरला यायचं म्हटलं तर साडेआठ होतील."

नाना हसले की खोकले ते मला कळलं नाही. पण त्यांनी बशी उचलली.

ऋतुराजनं वडिलांच्या अंगावरची चादर सारखी केली. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मग बाबांना आठला भरवतो. आपण दोघं नऊला जेवू."

तनुजा